दरीच्या अल्याड

दिवा जरा मोठा कर, आणि तो तांब्या आहे तिथंच राहू दे. तहान लागली तर मी उठून घेईन. शिरवळच्या स्टँडवर एसटी थांबली की सगळे उतरून ज्या पाणपोईवर पाणी पितात, तिथं मी का पीत नाही, असं तू परवा विचारलंस. तेव्हा मी हसून टाळलं. आज लाईट गेलीच आहे, तर सांगते.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. मी तेव्हा साताऱ्यात नर्स होते. पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात मिशनचा एक लहानसा दवाखाना होता. तिथली नर्स बाळंतपणाच्या रजेवर गेली म्हणून मला पाठवलं. कापसाचे गठ्ठे, पट्ट्यांची पेटी आणि माझी वळकटी घेऊन मी एसटीनं निघाले. कुंडलपर्यंत निदान उसाचं वाळकं पाचट तरी दिसत होतं, पुढं तेही संपलं. नुसती भाजलेली जमीन आणि रस्त्याकडेला खडी फोडत बसलेली माणसं. दवाखाना म्हणजे एक लांबलचक कौलारू खोली, अंगणात एक लिंब, आणि टँकर आला तर भरणारा सिमेंटचा हौद.

कोपऱ्यातल्या खाटेवर आप्पासो होते. गावातले मोठे बागायतदार. पंचक्रोशीत पाणी टिकलेली विहीर त्यांची एकट्याची. बाकीच्या विहिरींच्या तळाला भेगा पडल्या होत्या, म्हणून गाव त्यांच्या दारात जाई आणि ते घरटी एक घागर देत, तीही दोन-चार शिव्या घालून. आता त्याच माणसाच्या घशात गाठ झाली होती आणि पाण्याचा घोट खाली उतरत नव्हता. मी कापसाचा बोळा भिजवून त्यांची जीभ पुसायची. खालच्या हिरडीत एकच सुळा शिल्लक होता, लांब आणि पिवळा. जीभ पुसताना तो रोज माझ्या बोटाला लागायचा. मला त्यांची दया यायची नाही. यायला हवी होती असंही आज वाटत नाही.

त्यांच्या उशापायथ्याला धुळा असे, त्यांचा सालगडी. धनगराचा, तिशीचा, कमी बोलणारा. त्याचा वरचा पुढचा दात अर्धा तुटलेला होता. लहानपणी पाणी आणायला उशीर झाला म्हणून आप्पासोंनी तांब्या फेकून मारला होता, हे त्यानं मला हसत सांगितलं. हसला की तो अर्धा दात दिसायचा.

मिशनच्या बयाबाई संध्याकाळी खाटांमधून फिरून बायबलच्या शुभवर्तमानातलं काही वाचून दाखवत. रोगी ऐकत, नाहीतर कूस बदलत. एके दिवशी त्यांनी श्रीमंत माणसाची आणि भिकाऱ्याची गोष्ट वाचली. मी साताऱ्यात चर्चला जाणाऱ्या घरातली, मला ती लहानपणापासून माहीत. श्रीमंत मरतो आणि आगीत पडतो, त्याच्या दाराशी उपाशी मेलेला भिकारी पलीकडं सुखात असतो. श्रीमंत विनवतो, की त्या भिकाऱ्यानं बोटाचं टोक पाण्यात बुडवून माझी जीभ गार करावी. पण मध्ये मोठी दरी असते. आम्हाला त्यातून दानधर्म शिकवला होता. आप्पासोंनी त्यातून तिथला रस्ता शिकून घेतला.

मूळ भाषेत तिथं कुठला शब्द आहे, मला माहीत नाही. ज्यांनी कुणी ते आपल्या भाषेत आणलं त्यांनी दरी म्हटलं, जीभ म्हटलं, बोटाचं टोक म्हटलं. एखादा जड संस्कृत शब्द असता तर आप्पासो झोपून गेले असते. कैलासवासी, वैकुंठवासी, देवाघरी गेले, हे सगळं त्यांनी जन्मभर ऐकलं होतं आणि त्याची त्यांना कधी भीती वाटली नव्हती. पण दरी त्यांनी पाहिलेली होती. तरुणपणी बैल घेऊन ते घाट उतरून कोकणात जात. काठावर उभं राहिलं की पलीकडचं माणूस दिसतं, हाक ऐकू येते, आणि हात पोचत नाही, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. आणि तहान तर त्या वेळी त्यांच्या तोंडातच होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बयाबाईंना पुन्हा तेच वाचायला लावलं. तिसऱ्या दिवशीही. मुलं दहाव्याला पाणी सोडतील, पण ते दरीच्या तोंडाशीच थांबलं तर काय, असं त्यांनी विचारलं. बयाबाईंना वाटलं, माणूस पश्चात्तापाकडं वळतोय. त्या आनंदानं वाचत. मी जीभ पुसत होते, म्हणून मला त्यांचे डोळे दिसत. त्या डोळ्यांत पश्चात्ताप नव्हता, हिशेबी माणसाचा विचार चालला होता.

"त्या श्रीमंताची चूक झाली," एक दिवस ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "भिकाऱ्याला दाराबाहीर ठिवलं. त्यानं सोसलं आन् त्यो पल्याड ग्येला. आपला मानूस आपल्या अल्याड पायजे."

बयाबाईंनी पुस्तक मिटलं. आप्पासो धुळाकडं बघत होते. तो पायथ्याशी बसून त्यांचे पाय चेपत होता.

"ह्यो लय गरीब हाय," ते म्हणाले. "असाच मेला तर ह्यो बी पल्याडच जाईल."

त्याच दुपारी त्यांनी घरून बिरोबाचा भंडारा मागवला. धुळाला हातात घ्यायला लावला आणि शपथ घातली, की मी म्हणेन तिथं आणि म्हणेन तेव्हा माझ्या तोंडात पाणी घालशील. धुळानं सरळ उचलला. पिवळा हात कपाळाला लावला. त्याला वाटलं असेल, दवाखान्यातलीच गोष्ट आहे. मग आप्पासोंनी दुसरा हुकूम केला. विहिरीवर काठी घेऊन बसायचं. आजपासून गावाला थेंब द्यायचा नाही. "तुझ्या बायकूला बी न्हाई," ते म्हणाले, आणि पुन्हा भंडाऱ्याकडं बोट केलं.

मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, आजारी माणसाची बडबड आहे. मी धुळाला अंगणात गाठून सांगितलं की तुला पापात ओढायला हे चाललंय. त्यानं मान खाली घातली. "भंडारा उचललाय, बाई," एवढंच म्हणाला आणि काठी घेऊन गेला.

त्याची बायको हरणाबाई. अंगावर पिणारं पोर होतं तिला, पहिलंच. पुढं काय झालं ते तिनंच मला सांगितलं, अगदी कोरड्या आवाजात. ती घागर घेऊन विहिरीवर गेली. नवरा काठी आडवी धरून उभा राहिला. तिच्याकडं न बघता म्हणाला, मागं फिर. ती पाया पडली. पोर त्याच्या पायांवर ठेवलं. त्यानं पोराला उचलून तिच्या हातात परत दिलं आणि पुन्हा काठी आडवी धरली. टँकर येईना. तिनं ओढ्यात झरा उकरून गढूळ पाणी आणलं. तिचं दूध तर आटलंच होतं.

पोराला ढाळ लागले. दवाखान्यात आणलं तेव्हा टाळू खोल गेली होती. सलाईनची सुई लावायला शीर सापडेना. मी आणि डॉक्टर झटत होतो, आणि कोपऱ्यातून आप्पासो मान वर करून बघत होते. भर दुपार होती, लिंबाचं पानही हलत नव्हतं. पोरानं जबडा दोनदा उघडला आणि मिटला. मग उघडाच राहिला.

"ग्येलं का?" आप्पासोंनी विचारलं.

त्यांनी डोकं उशीवर टेकलं. "आता धुळा माझा," ते म्हणाले. त्या क्षणी त्यांचा गळा मी माझ्या हातांनी दाबला असता. हरणाबाई मात्र रडली नाही. तिनं ते ऐकलं होतं आणि ती त्यांच्याकडं एकटक बघत होती.

त्यानंतर आप्पासो फार टिकले नाहीत. गेले तेही दुपारीच. शेवटी बोळा नको म्हणाले, धुळाचं बोट हवं म्हणाले. धुळानं भांड्यात बोट बुडवून त्यांच्या जिभेवर ठेवलं, आणि त्यांनी तोंड मिटलं. ते पुन्हा उघडलं नाही. जबडा उलथण्यानं उचकटून मला ते बोट सोडवावं लागलं. एका बाजूला सुळ्याची खोल खूण होती. मी पट्टी बांधली. चितेपाशी सगळ्यांनी तोंडात पाणी घातलं, धुळा मात्र लांब उभा होता, असं नंतर ऐकलं.

चार-आठ दिवसांनी तो दवाखान्यात आला. बोटाचं टोक पांढरं पडून सुरकुतलं होतं. दिवसभर धुणं धुतलं की बायकांची बोटं होतात, तसं. आणि त्याच्या वर फोड, भाजल्यासारखे. डॉक्टरांनी विचारलं, चुलीत हात घातलास का. तो नाही म्हणाला. मी मलम लावून घट्ट पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी पट्टी कोरडी होती, पण आतून बोट ओलं होतं आणि फोड ताजे होते. फोडांच्या मध्ये सुळ्याची खूण. ती भरून यायला हवी होती. उलट ती नवीन होती… कालची.

मग मी त्याला दुपारी माझ्यासमोर बसवून घेतलं. टेबलावर पांढरं कापड पसरलं आणि त्यावर त्याचा उघडा हात ठेवला. जवळ पाणी नव्हतं, विस्तव नव्हता. बाहेर ऊन नुसतं उभं होतं. वॉर्डातले सगळे झोपलेले. धुळाची मान हळूहळू छातीवर आली. मी त्या बोटावरची नजर काढली नाही. आधी टोकावर थेंब आला. घाम नव्हता, चांगला टपोरा थेंब. कापडावर पडला. मग वास आला… कातडं करपल्याचा. आणि बोट जरासं पुढं ओढलं गेलं, कुणी तोंडात घेतल्यासारखं. मनगट होतं तिथंच होतं. माझ्या डोळ्यांदेखत कातड्यात एक खड्डा पडला, आणि त्यात रक्त साकळलं.

मी किंचाळले नाही. धुळानं डोळे उघडले आणि आधी माझ्याकडं नाही, समोरच्या भिंतीकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर दुःख असेल असं मला वाटलं होतं. ते नव्हतं.

बोट काढून टाकू, डॉक्टर एका मिनिटात काढतील, असं मी त्याला सांगितलं. बोटच नसलं तर शपथ कशी पुरी करणार, सुटशील, असंही म्हणाले. त्यानं हात पोटाशी धरला.

"नगं, बाई. बोट ग्येलं तर मला तिथं कोन बोलवंल?" तो म्हणाला. मग अगदी हळू म्हणाला, "पल्याड पोर दिसतं. रोज दिसतं. हासतं. त्येला तहान न्हाई तिथं…"

मी नवी पट्टी बांधली आणि त्याला जाऊ दिलं.

महिना सरता सरता तो भाजल्याचा डाग मनगटापर्यंत चढला. हात काळा पडला, ताप चढला. त्याला त्याच कोपऱ्यातल्या खाटेवर ठेवलं, कारण दुसरी रिकामी नव्हती. हरणाबाई तोवर माहेरी निघून गेली होती. निरोप गेला तशी आली. पण ती आधी नवऱ्याकडं गेली नाही, बयाबाईंकडं गेली. ती गोष्ट तिला पुन्हा ऐकायची होती. ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, माझं पोर कुठल्या बाजूला. पलीकडं, सुखात, बयाबाई म्हणाल्या.

"आन् पल्याडनं बी अल्याडचं दिसतं न्हवं?"

"दिसतं," बयाबाई म्हणाल्या.

"मग बरं हाय," हरणाबाई म्हणाली.

ती हौदावर गेली, तांब्या भरला आणि धुळाच्या खाटेशी येऊन बसली. त्यानं तिला ओळखलं. ओठ फुटले होते, जीभ बाहेर येत होती. "पाणी," म्हणाला. मी चमच्यानं पाजायला गेले तर त्यानं दात आवळून धरले. त्याला तिच्या हातचं हवं होतं. हरणाबाईनं तांब्या उचलला, स्वतःच्या तोंडाला लावला आणि त्याच्याकडं बघत बघत सावकाश सगळा पिऊन टाकला. पदरानं तोंड पुसलं. तो तिच्याकडंच बघत गेला. मी तिच्या हातातून तांब्या हिसकावून घ्यायला हवा होता, असं तुला वाटत असेल. मला तेव्हा तिचा राग आला नाही. ते पोर माझ्याच हातांवर गेलं होतं.

पुढं पाच-सहा वर्षं गेली. माझी बदली शिरवळजवळच्या दवाखान्यात झाली, आणि स्टँडवर उतरले तर समोर हरणाबाई. तू विचारलंस ती पाणपोई तिचीच. पत्र्याचं छप्पर, ओळीनं माठ, ओलं फडकं गुंडाळलेले. येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी देत होती. ट्रकवाल्यांना, एसटीच्या कंडक्टरला, भिकाऱ्याला, कुत्र्यालाही. कुणाकडून काही घेत नसे. उन्हात लांबच्या विहिरीवरून स्वतः खेपा घाली. लोक तिला माउली म्हणत, पोरीबाळी पाया पडत. मीही तिच्या हातचं वर्षभर पाणी प्यायले. तांब्या देताना तिचं बोट पाण्यात बुडायचं. लहानपणी आई मला त्यावरून रागवायची, पण हरणाबाईला कोण बोलणार.

एकदा मी तिला म्हटलं, पुष्कळ पुण्य जोडलंस, आता जरा बस.

ती तांब्या विसळत म्हणाली, "पल्याड जायाचं हाय, बाई. पोर मांडीवर घीन आन् काठावर बसंन. त्ये दोघं पाणी मागत्याल. म्या बघीन."

असं म्हणून तिनं पुढच्या माणसाला हसून पाणी दिलं. इतकं गोड हसली की त्या माणसानं हात जोडले.

गेल्या वैशाखात ऊन लागून ती माठांपाशीच पडली. लोकांनी उचलून दवाखान्यात आणली. अंग तव्यासारखं तापलेलं. ओल्या चादरी गुंडाळल्या, पण काही उपयोग झाला नाही. दुपारी तिनं डोळे उघडले. असा आनंद मी मरणाऱ्या माणसाच्या तोंडावर कधी पाहिला नाही.

"पोर दिसतंय," ती म्हणाली. "मोठं झालं न्हाई, बाई. तेवढंच हाय…"

मला रडू आलं. मी म्हटलं, जा, घे त्याला. तिनं दोन्ही हात पुढं केले. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"लांब हाय," ती म्हणाली. "लय लांब… मधी खोल हाय…"

तिनं उठायचा प्रयत्न केला. उजवा हात ओढून घ्यायला लागली. हात गादीवर होता, मी धरलेला नव्हता.

"हात सोड रं," ती म्हणाली. माझ्याकडं न बघता. त्यानंतर ती बोलली नाही. पण डोळे उघडे होते आणि ती खूप वेळ लांब कुठंतरी बघत राहिली, आणि तोंडावरची ती भीती शेवटपर्यंत गेली नाही.

अंघोळ मीच घातली. अंग पुसून लुगडं नेसवलं. उजव्या हाताच्या बोटाचं टोक पांढरं पडून सुरकुतलं होतं. मी पुसलं, ते पुन्हा ओलं झालं. पुन्हा पुसलं. मग दिव्याजवळ नेऊन बघितलं. बोटावर चावल्याची खूण होती, ताजी. ती सुळ्याची नव्हती. वरच्या दातांची पूर्ण ओळ उमटली होती, आणि पुढचा एक दात अर्धाच.

बयाबाई अजून हयात आहेत. पलीकडं ते पोर आता एकटंच आहे का, हे विचारायला मी त्यांच्याकडं दोनदा गेले आणि न विचारता परत आले.

राहू दे, तू उठू नकोस. मघाशी जेवताना तू मला तांब्या दिलास तेव्हा तुझं बोट पाण्यात होतं. म्हणून म्हटलं, तो तिथंच राहू दे.